साष्टी बेटावरच्या चार सफरी

मुंबईच्या उपनगरांत राहणारे आपण एका बेटावर राहतो, हे सहसा कोणाच्या ध्यानीमनी नसते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या या भूभागाला जुनी माणसे साष्टी म्हणत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी ठिकाणे या एकाच बेटावरची. उर्दूत बेटाला जझीरा म्हणतात. आपल्या कोकणातल्या जंजिरा किल्ल्याचे नावही त्याच शब्दावरून पडले. हा शब्द आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो, पण आपण स्वतः जझीऱ्यावर राहतो हे मुलांना सांगितले की ती आधी हसतात.

आमच्या नात्यातले एक मामू कोकणातले. त्यांची उमेदीची सगळी वर्षे मालवाहू जहाजांवर गेली. जहाजावर त्यांचे बरेच सोबती फिलिपिन्सचे असत. मामू सांगतात, त्या लोकांना "गाव कुठले?" असे विचारले की ते आधी आपल्या बेटाचे नाव घेतात. त्यांच्या देशात सरकारी मोजणीनुसार ७,६४१ बेटे आहेत. बाजाराला जायचे तर होडी, शाळेला जायचे तर होडी. जमिनीवर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने मागे सोडलेल्या जीपांपासून तयार झालेल्या लांबट, रंगीबेरंगी जीपन्या धावतात. मागे बसलेल्याचे भाड्याचे पैसे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच हातोहात परत येतात. मामूंना या गोष्टीचे फार कौतुक. एकदा त्यांनी आमच्या मुलांना विचारले, "आणि तुम्ही कोणत्या बेटाचे?" मुलांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्या या सफरींचे बी तिथे पडले.

त्याच सुमारास आठवीच्या वर्गाला आम्ही आपापल्या परिसराचा नकाशा काढायला सांगितले. मुंबई उपनगर जिल्ह्यात तालुके तीनच : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. पण मुलांच्या कागदांवर घर, शाळा, क्लास, मस्जिद, बाजार आणि स्टेशन एवढेच आले. मुलींचे नकाशे तर त्याहूनही लहान. यात मुलांचा दोष नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पश्चिमेची रेल्वे १८६० च्या दशकात आली. दोन्ही मार्ग दक्षिणोत्तर, आणि मुंबईकराचे आयुष्यही तसेच दक्षिणोत्तर झाले : सकाळी खाली, संध्याकाळी वर.

त्यात आपल्या घरांचे आणखी एक कारण आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे मिश्र वस्ती सोडून आपल्या माणसांच्या मोहल्ल्यांत सरकली. जीव वाचवण्यासाठी केलेली ती हिजरत समजण्यासारखी आहे. पण ज्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांच्या नकाशावरही आज तीच कुंपणे दिसतात. म्हणून या हिवाळ्यात आम्ही ठरवले, चार रविवार बेट आडवे-उभे पालथे घालायचे. खाजगी गाडी नाही. लोकल, बस, मेट्रो, होडी आणि रिक्षा. डबा घरचा. आम्ही दोघे, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि शक्य असेल तेव्हा अम्मी.

पहिला रविवार घाटकोपर ते वर्सोवा. ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. मार्ग ११.४ किलोमीटरचा, स्थानके १२. पूर्वी बसने तासाहून अधिक वेळ खाणारे हे अंतर आता वीस-बावीस मिनिटांत संपते. मेट्रो उंचावरून जाते, त्यामुळे रस्त्यावरून कधीच न दिसणारे बेट खिडकीत दिसते. असल्फाच्या टेकडीवर एकावर एक चढलेली घरे निळी, पिवळी, गुलाबी. २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून ती रंगवली होती. अंधेरी ओलांडल्यावर गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या बसाल्टचा सुळका. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला हा उभ्या खांबांचा खडक सुमारे २०० फूट उंच आहे. माथ्यावर गावदेवीचे देऊळ, पायथ्याशी दाट वस्ती. त्या वस्तीत आपली कितीतरी घरे आहेत.

वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढला होडी जाते. माणसे, मासळीच्या पाट्या आणि मोटारसायकलीसुद्धा एकाच होडीत. पाणी ओलांडायला पाच मिनिटे पुरत नाहीत असे क्वचितच घडते. हेच अंतर रस्त्याने मालाड-मार्वेवरून गेले तर वीस किलोमीटरच्या आसपास पडते. इथे पूल बांधण्याची महापालिकेची योजना आहे. पूल झाला तर आजाऱ्याला दवाखान्यात नेणे सोपे होईल. होडीवाल्यांच्या पोटाचे काय, हा प्रश्न मात्र धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडी होता. मुलांना आम्ही माहीम कॉजवेची हकीकत सांगितली. १८४५ पूर्वी वांद्र्याहून मुंबईला जाणारी माणसे अशीच होडीने खाडी ओलांडत. होड्या उलटून माणसे मरत. मग लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि रस्ता झाला.

मढच्या किनाऱ्यावर बांबूंच्या उभ्या-आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने लटकवलेले. एक कोळीण मावशी जवळा पसरत होत्या. अम्मींचा बुरखा पाहून त्यांनी हिंदीत विचारपूस सुरू केली. मुलीने मराठीत उत्तर दिले तशा त्या थांबल्या.

"मुसलमान ना तुम्ही? मराठी ब्येस बोलतेस गं."

"मावशी, आमच्या घरात मराठी मासिक येतं," मुलगी म्हणाली. "आणि दादी कोकणातली. ती तर तुमच्यासारखंच बोलते."

मग अम्मी आणि मावशी यांचे जे काही सुरू झाले त्यात आम्हाला जागाच उरली नाही. सुकट कशी भाजायची, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा घर कसे चालवायचे, जावई कसा निघाला, सगळे झाले. निघताना पिशवीत अर्धा किलो जवळा पडला आणि मावशींनी वर मूठभर घातला.

दुसरा रविवार बोरिवली-गोराई. बोरिवलीला जाताना मुलीला सांगितले की बायकांसाठीची खास लोकल ५ मे १९९२ रोजी याच मार्गावर, चर्चगेट ते बोरिवली, पहिल्यांदा धावली. नोकरीला जाणाऱ्या किती बायकांचे त्या गाडीने भले केले असेल! स्टेशनपासून बसने गोराई जेट्टी आणि तिथून होडी. पलीकडे तिवरांच्या मागे शेते, विहिरी, कौलारू घरे आणि दारापुढे क्रूस. ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळी. नाव इंग्रजी असले तरी माणसे इथल्याच मातीतली, आणि घरात बोलतात ती मराठीच, आपल्या ढंगाची. १५३४ च्या तहाने गुजरातचे सुलतान बहादूरशाह यांच्या हातून वसईसह हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. त्या काळात इथले अनेकजण ख्रिस्ती झाले. पुढे इंग्रजी अमदानीत गोवा-मंगळूरचे ख्रिस्ती नोकरीसाठी येऊ लागले. त्यांच्याहून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून १८८७ च्या सुमारास, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, यांनी हे नाव घेतले.

एका घरापुढच्या ओट्यावर आम्ही पाणी मागितले. घरच्या आजींनी पाणी दिले आणि त्यांच्या बॉटल मसाल्याचे कौतुकही ऐकवले. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरायचे. आपल्या घरी एप्रिल-मेमध्ये गच्चीवर मिरच्या पसरतात तोच थाट. मुलगा म्हणाला, "म्हणजे यांच्या आणि आपल्या घरी शिंका एकाच महिन्यात येतात." आजी खूप हसल्या.

जवळच जागतिक विपश्यना पॅगोडा आहे, २००९ साली खुला झालेला. आत एकही खांब नाही. दगडावर दगड अडकवून उभारलेल्या घुमटाखाली आठ हजारांहून अधिक माणसे बसू शकतात. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्या मुलांना इथे आपोआप प्रश्न सुचतात : एवढे वजन पडत कसे नाही?

तिसरा रविवार कान्हेरीचा. बोरिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या जवळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे दार आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल शहराच्या पोटात आहे आणि त्यात बिबटे राहतात. दारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीच्या शंभरावर लेण्या. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षे बौद्ध भिक्षू इथे राहिले. सोपारा आणि कल्याण या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी दान दिले आणि त्यांची नावे भिंतींवर कोरली गेली.

मुलांना मूर्तींहून जास्त आवडले ते पाणी. जवळपास प्रत्येक लेण्याबाहेर दगडात खोदलेली टाकी आहे. डोंगराच्या उतारावर बारीक पन्हळी कोरल्या आहेत, पावसाचे पाणी त्यांतून वाहत टाकीत जमते. डिसेंबरातही त्यांत पाणी होते. आपल्या वस्तीत टँकरची रांग पाहिलेली मुले त्या पन्हळीवर बोट फिरवत किती वेळ बसली होती! याच जंगलातल्या विहार तलावाने १८६० साली मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी दिले. नंतर तुळशी आला. एका लेण्यात पहलवी लिपीत इराणी पाहुण्यांची नावे आहेत, १००९ आणि १०२१ सालची. लांबून आलेल्या परधर्मी माणसांनी जागा पाहिली, तारीख घातली आणि नावे लिहून ठेवली. वाटेत पाड्यावरच्या वारली बायका काकड्या विकत होत्या. त्याही मराठीच बोलत होत्या, आणि हे जंगल आपले गाव आहे असे सांगत होत्या.

चौथा रविवार मुलुंडचा. नकाशावर बोरिवली आणि मुलुंड शेजारी दिसतात, मध्ये जंगल. जायचे तर वळसा घालून. म्हणून आता गोरेगाव-मुलुंड रस्त्यासाठी याच डोंगराच्या पोटातून जुळे बोगदे होत आहेत. आम्ही मात्र मध्य रेल्वेने गेलो. भांडुप-मुलुंडच्या पूर्वेला मिठागरे आणि तिवरे, आणि त्यांच्यापलीकडे ठाण्याची खाडी. हिवाळा ते मे या काळात इथे हजारो रोहित पक्षी उतरतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की सगळा किनारा फिका गुलाबी दिसतो. २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली तिला रामसर दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये घाटकोपर पूर्वेला विमानाची धडक बसून जवळपास चाळीस रोहित मेले होते. त्या बातमीचे कात्रण आम्ही वर्गात लावले होते. पक्षी डोळ्यांनी पाहिल्यावर मुलाने विचारले, "ते चाळीस इथलेच होते का?" असतील, असे आम्ही म्हणालो.

चार रविवारांत भेटलेल्या कोळी, ईस्ट इंडियन आणि वारली माणसांना आपल्याबद्दल थोडेसेच ठाऊक होते, आणि आपल्या मुलांना त्यांच्याबद्दल तेवढेही नाही. भाषा मात्र सगळ्यांची एक निघाली. मोहल्ल्यात राहून मुलांना हे पुस्तकातून शिकवता येत नाही. होडीत शेजारी बसावे लागते. मुलींना तर मुद्दाम न्यावे. उद्या कॉलेज किंवा नोकरीसाठी त्यांना एकटीने हे बेट ओलांडायचे आहे. तेव्हा रस्ता, तिकीट आणि माणसे त्यांच्या ओळखीची असली तर घरच्यांचा जीवही कमी टांगणीला लागेल.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी सोमवारी बंद असतात. सकाळी लवकर निघावे, म्हणजे ऊन चढण्याआधी लेण्या पाहून होतात. जंगलात माकडे डबा पळवतात, पिशवीची चेन बंद ठेवावी. पक्ष्यांसाठी जाताना आदल्या दिवशी ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. होडीत सुटे पैसे लागतात. वजूसाठी पाण्याची एक बाटली वेगळी ठेवावी आणि एक चटई सोबत घ्यावी. जोहर आम्ही गोराईत नारळाखाली आणि कान्हेरीत खडकाच्या सावलीत पढलो. दोन्हीकडे आजूबाजूच्या लोकांनी आपणहून जागा करून दिली. पाचजणांच्या एका दिवसाच्या प्रवासाला लागले ते मॉलमधल्या एका जेवणाहून कमीच. दादा-दादींना चालणे झेपत नसेल तर त्यांना निदान मढच्या होडीत तरी बसवा.