एक तांबडा खडा

सिरसाळ्याच्या माणसाला दगडाचे कौतुक ते काय असणार? आमच्या शिवारात माती थोडी नि काळा दगडच फार! तरीही अमेरिकेत धाकट्या भावाकडे गेलो, तेव्हा त्याने माझे नाव एका सहलीत घातलेच. आम्ही आठ प्रवासी, एक मोटार आणि एक वाटाड्या.

यूटामधील झायन राष्ट्रीय उद्यानात शिरलो आणि वर गेलेली मान खाली येईना. दोन्ही बाजूंस उभे तांबडे कडे, मधून व्हर्जिन नदीची बारीक धार. वाटाड्या सांगू लागला, "सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी या वाळवंटातल्या टेकड्या होत्या. वाळूचा दगड झाला, लोहाने तो तांबडा केला आणि या नदीने दरी कोरली." आमचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे धाकटाच म्हणायचा!

आठवण म्हणून मी एक खडा उचलला. वाटाड्याने हसतच तो जागच्या जागी ठेवायला लावला. इथला खडाही न्यायचा नाही, असा कायदा आहे.

मला वडील आठवले. १९७२ च्या दुष्काळात ते सरकारी कामावर खडी फोडीत. त्या मजुरीवर घर जगले.

परतल्यावर त्यांना हा प्रसंग सांगितला. आपल्या तळहाताकडे पाहत ते म्हणाले, "दगड राखायला बी आधी पोट भरलेलं लागतंय, लेका."