सुडोकू, मोडी आणि आईचा प्रश्न

सुडोकूशी माझं काही भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ओळखीचे अर्धे काका-काकू मला पेपरची सुरळी करून मारायला येतील. पण गेले बरेच वीकेंड मी एका प्रश्नामागे लागलोय आणि त्याच्या उत्तरात सुडोकूचा नंबर बराच खाली लागतोय. म्हणून हा प्रपंच.

प्रश्न माझा नव्हे, आईचा. आई गणिताची शिक्षिका होती. आता वय ६७. रोज सकाळी पेपरातलं सुडोकू सोडवते, तेही पेनानं (पेन्सिल आणि खोडरबर म्हणजे तिच्या लेखी अपमान!). तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, शेवटची चार-पाच वर्षं डिमेन्शिया होता. आजी आधी गॅस बंद करायला विसरायला लागली, मग वार विसरली, मग माणसं. शेवटी शेवटी मला मामाच्या नावानं हाक मारायची आणि आईला विचारायची, "बाई, तुम्ही कुठल्या?" आईनं ते सगळं निमूटपणे निभावलं. पण मागच्या दिवाळीत एका चुलतबहिणीचं नाव तिला पटकन आठवेना, आणि त्या रात्री भांडी आवरता आवरता तिनं एकदम विचारलं, "काय रे, मलाही आईसारखं होईल का?"

मी "छे गं, काहीतरीच तुझं!" म्हणालो, आणि सगळे झोपल्यावर लॅपटॉप उघडला.

पहिल्यांदा समोर येतात ती अर्थातच अ‍ॅप्स. रोज पंधरा मिनिटं खेळा, मेंदू तल्लख ठेवा वगैरे. यातल्या लुमॉसिटी नावाच्या प्रसिद्ध अ‍ॅपच्या कंपनीला २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली होती. म्हातारपणीची विस्मृती लांबवण्याचे त्यांचे दावे पुराव्यानिशी सिद्ध झालेले नव्हते, असं कमिशनचं म्हणणं होतं. म्हणजे खेळ खोटे नव्हते, जाहिरात जास्त होती.

यामागचं कारण समजायला २००२ साली प्रसिद्ध झालेला 'अ‍ॅक्टिव्ह' नावाचा मोठा प्रयोग बघा. २,८०० हून जास्त ज्येष्ठ मंडळींचे गट केले. एका गटाला स्मरणशक्तीचं ट्रेनिंग, दुसऱ्याला तर्काचं, तिसऱ्याला वेगाचं. निकाल काय? ज्याला जे शिकवलं, त्याला ते चांगलं यायला लागलं. तर्कवाल्यांचा तर्क सुधारला, स्मरणशक्ती आपली होती तिथेच. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच फंक्शन ऑप्टिमाइझ करून अख्खं अ‍ॅप्लिकेशन फास्ट होत नाही. रोज सुडोकू सोडवणारा माणूस मुख्यतः सुडोकूत तरबेज होतो. आईला तर आता हात चालतो तसं सुटतं. मजा येते, जरूर सोडवावं. पण तिथे तिचा मेंदू नवीन काही करत नाहीये, जुनीच स्क्रिप्ट रन करतोय.

मग मला २०१४ सालचा एक प्रयोग सापडला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. अमेरिकेत टेक्सासमध्ये डेनिस पार्क या संशोधिकेनं ६० ते ९० वयाच्या २२१ लोकांना घेतलं. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, कॉम्प्युटरवर फोटो एडिट करण्यासकट. काहींना क्विल्टिंग, म्हणजे आपल्या गोधडीची चुलतबहीणच. काहींना दोन्ही. आठवड्याला साधारण १५ तास, असे तीन महिने! दुसरीकडे एक गट नुसता गप्पाटप्पा आणि सहली करणारा, आणि एक घरी बसून शब्दकोडी सोडवणारा, संगीत ऐकणारा. शेवटी स्मरणशक्ती सुधारली ती नवीन कला शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची जास्त ठळकपणे. गप्पावाले आणि शब्दकोडीवाले मागे राहिले.

मला यातून जे कळलं ते एवढंच: काम नवीन हवं, सुरुवातीला न जमणारं हवं आणि पायरी-पायरीनं अवघड होत जाणारं हवं. चित्र काढा, पेटी शिका, गोधडी शिवा. शेवटी हातून काहीतरी घडतंय, ते आपल्याला दिसतंय, आणि कालच्यापेक्षा आज जरा बरं झालंय. अ‍ॅपमधल्या स्कोअरपेक्षा हे वेगळं आहे.

आईसमोर मी पेटीपासून वॉटरकलरपर्यंत सगळी यादी ठेवली. तिनं सगळी नाकारली. मग म्हणाली, "ट्रंकेत आजोबांचं खरेदीखत आहे ना, मोडीतलं? आजवर घरात कुणाला वाचता आलेलं नाही. ते शिकेन मी."

आता मोडी म्हणजे काय प्रकरण आहे हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडंसं. आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरूनं किंवा टाकानं, हात शक्यतो न उचलता, सलग लिहीत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पर्वा नाही. वाचणाऱ्यानं संदर्भावरून शब्द कुठे तुटतो ते ओळखायचं. शिवाय प्रत्येक लेखनिकाचं वळण वेगळं. एखाद्यानं कॉमेंट्स आणि इंडेंटेशन काढून टाकलेला दोनशे वर्षं जुना कोड आपल्या हातात द्यावा, तसं! पहिल्या महिन्यात आई क्लासमधून चिडचिडत घरी यायची. ज्या बाईंनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यांच्या वहीत लाल शाई. मला मनातून बरं वाटलं. चिडचिड होतेय म्हणजे मेंदूला घाम फुटतोय.

सहाव्या महिन्यापासून ती क्लासमधल्या एका काकूंना दर आठवड्याला मोडीत पोस्टकार्ड लिहिते. त्यांचं उत्तरही मोडीत. दोघी सुनांच्या देखत सुनांबद्दल लिहू शकतात, हा त्यातला छुपा फायदा असावा असा माझ्या बायकोला दाट संशय आहे.

आता खरा मुद्दा. यानं डिमेन्शिया टळेल का? मी आईला "हो" म्हणालेलो नाही.

अमेरिकेत १९८६ पासून डेव्हिड स्नोडननं ६७८ नन्सचा अभ्यास केला. सगळ्यांचं राहणं-खाणं बरंचसं सारखं, आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनाला द्यायला सगळ्या तयार. त्यात एक सिस्टर मेरी होत्या. १०१ व्या वर्षी वारल्या, तोवर स्मरणशक्तीच्या चाचण्यांमध्ये उत्तम मार्क. पण मेंदू तपासला तर त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर! म्हणजे आजार आत होता आणि तरीही काम चालू होतं. शास्त्रज्ञ याला मेंदूची 'राखीव क्षमता' म्हणतात. आपण त्याला रिडंडन्सी म्हणू. एक सर्व्हर पडला तर ट्रॅफिक दुसरीकडून वळतं. शिक्षण, अवघड काम, वाचन, कला यांनी असे जादाचे रस्ते तयार होतात असं मानलं जातं. पण यात सर्व्हर दुरुस्त होत नाही. क्रॅश लांबतो. आणि बॅकअप संपल्यावर घसरण बऱ्याचदा जास्त वेगानं होते, हेही तितकंच खरं.

हे सगळं मी आईला जसंच्या तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लांबलं तरी चालेल की. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं." गणिताची बाई!

आणि फक्त कलेवर भिस्त ठेवून चालत नाही. 'लॅन्सेट'च्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्यासारख्या १४ गोष्टी दिल्यात. ब्लडप्रेशर, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, व्यायामाचा अभाव, एकटेपणा, कमी दिसणं, कमी ऐकू येणं. सगळ्या आवाक्यात आणल्या तर साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज. क्लासमध्ये आई कायम पहिल्या बाकावर का बसते हे विचारल्यावर कळलं, मागून ऐकू येत नाही. कानाची तपासणी झाली, मशीन आलं. मोडी शिकण्याचा हा फायदा कुठल्याच पेपरमध्ये लिहिलेला नव्हता.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे हा फक्त माझ्या घरचा विषय नाही. तुमच्या आई-बाबांना वाढदिवसाला ब्रेन-गेमचं सबस्क्रिप्शन देणार असाल तर त्याऐवजी कुठल्या तरी क्लासची फी भरा, पहिले चार दिवस स्वतः गाडीवरून सोडा, आणि "या वयात कशाला दगदग?" हे वाक्य घरात कुणालाही म्हणू देऊ नका. आणि आपणही तिशी-पस्तिशीतच आहोत म्हणून निवांत राहू नये. राखीव क्षमता साठीला एकदम डाउनलोड होत नाही, ती आतापासूनच साठते. दहा वर्षं त्याच भाषेत तोच कोड लिहिणं हेही एक प्रकारचं सुडोकूच आहे.

असो. खरेदीखताचं दीड पान वाचून झालंय. जमीन कुठली ते कळलं, किती रुपयांना ते एका शब्दावर अडलंय. पुढच्या रविवारी तिची मोडीची परीक्षा आहे आणि सध्या घरात तिला मोठ्यानं बोललेलं चालत नाही. टीव्ही बंद, मीही हेडफोन लावून बसलोय.