मधली सुट्टी

किशोरवयीन मुलांच्या मानसोपचाराचे काम करीत असताना ज्या एका समजुतीशी मला सतत झगडावे लागते, ती समजूत अशी की, स्वमग्न मुलाला माणसे नकोच असतात, आणि म्हणून त्याचा एकटेपणा हे त्याचे दुःख नसून त्याची आवडच होय. तिचे मूळ जुने आहे. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा त्या मुलांच्या आत्यंतिक अलिप्ततेला त्यांनी केंद्रस्थान दिले. आणि लहानग्यांविषयीचा तो शेरा पुढे, फारशी चौकशी न होता, वयात येणाऱ्या मुलांच्याही नावे दप्तरी दाखल झाला. २००० साली निरिट बाउमिंगर आणि कॉनी कसारी या संशोधिकांनी मुलांनाच विचारले, तेव्हा आपल्याला इतर मुलांपेक्षा अधिक एकाकी वाटते, असे स्वमग्न मुलांनी स्वतःच सांगितले.

लहानपणीची मैत्री खेळाच्या आधारे चालते, आणि खेळाला नियम असतात; परंतु आठवी-नववीच्या सुमारास ती खेळातून उठून बोलण्यात येते, आणि त्या बोलण्यातील अर्धी वाक्ये, थट्टा, डोळ्यांचे इशारे, काल ठरलेला आणि आज रद्द झालेला संकेत, यांतले काहीच कोणी समजावून सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या नववीतील एका मुलीला गडांवरील पाण्याच्या टाक्यांचा विलक्षण ध्यास होता. कातळाच्या कोणत्या उतारावरून पावसाचे पाणी टाक्यात उतरते, खांबटाक्याला खांब का राखतात, हे ती तासन्‌तास सांगू शके. तीच मुलगी मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या घोळक्याच्या कडेला उभी राही, त्या हसल्या की हसे, त्या हसण्याचा घरी आरशासमोर सराव करी, आणि संध्याकाळी इतकी थकून जाई की, आईच्या हाकेला ओ देण्याचेही त्राण तिच्यात उरत नसे. "त्या काय बोलतात ते कळतं मला," ती म्हणाली, "पण मी कधी बोलायचं ते कळत नाही. माझा नंबर येईपर्यंत विषयच संपलेला असतो."

अशा मुलीला नजरेला नजर भिडवण्याचे धडे देऊन मैत्री लाभेल, हे मला मान्य नाही. त्याने मुखवटा तेवढा घट्ट होतो. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले की, हा बेबनाव दोन्ही बाजूंचा आहे: स्वमग्न माणसाला इतरांचे मन उमगत नाही, तसे इतरांनाही त्याचे उमगत नाही. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, अशी आठ जणांच्या साखळीतून सांगविली. केवळ स्वमग्न माणसांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली, आणि अधिक तपशील गळाले ते मिश्र साखळीत. मग दुरुस्ती एकाच पक्षाची का करावी?

त्या मुलीच्या इतिहासाच्या बाईंनी नकाशे काढणाऱ्या सातवीतल्या एका मुलाशी तिची गाठ घालून दिली. दोघे एका बाकावर बसत, पुष्कळ वेळ बोलतही नसत. पण गडाचा नकाशा पुरा होत गेला, आणि एके दिवशी तिने आईला आपणहून सांगितले की, उद्या डब्यात दोन पोळ्या जास्त दे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा नावानिशी समावेश आहे, आणि दाखला मिळाला की परीक्षेत लेखनिक, वाढीव वेळ अशा सवलतीही मिळतात. पालक त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतात, आणि ते योग्यच आहे. मधल्या सुट्टीसाठी मात्र अर्ज कोठे करावा? मुख्याध्यापकांना माझी विनंती इतकीच आहे की, त्या अर्ध्या तासात ग्रंथालयाला कुलूप लावू नये, आणि ज्या शिक्षकाला स्वतःला कशाचा तरी ध्यास आहे, अशा एकाला तेथे बसवावे.