चिमट्याचं दुसरं टोक

आजी निखाऱ्यांवर पापड भाजायची तेव्हा चिमटा कधीकधी माझ्या हाती यायचा. बराच वेळ मुठीला काही कळायचं नाही. मग ऊब यायची, आणि मी बेसावध असले की चटका. टोकाची धग हातापर्यंत यायला इतका वेळ का लागतो, हे आजीला विचारलं की ती म्हणायची, "येईल येईल, चालत येतेय."

ती कशी चालते, ते भौतिकशास्त्राच्या एस.वाय.ला कळलं. फूरिए यांचं 1822चं समीकरण: एखाद्या जागी तापमान किती झपाट्याने बदलेल, हे तिथे तापमानाचा आलेख किती वाकलेला आहे यावर ठरतं. जिथे टोकदार कोपरा, तिथे बदल सर्वांत वेगवान. प्रॅक्टिकलला लीज डिस्कसमोर बसून वाफेचं पात्र, पुठ्ठ्याची चकती आणि दोन थर्मामीटर सांभाळत आकडे स्थिर व्हायची वाट पाहिली. त्या जर्नलला अजून वाफेचे डाग आहेत.

क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या मास्टर्ससाठी अर्ज केला तेव्हा विद्यापीठांना प्रॉबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि प्रोग्रॅमिंग हवं होतं. माझ्या मार्कशीटवर यातलं एकही नाव नव्हतं. एका ठिकाणाहून तर गणिताचे पेपर दिसत नाहीत, एवढंच उत्तर आलं. मला ते फार लागलं. तीन वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

मग अभ्यासक्रमाच्या प्रती काढून दोन पानांचं टिपण लिहिलं. क्वांटम मेकॅनिक्समध्ये मॅट्रिक्स आणि आयगेनव्हॅल्यू, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समध्ये वितरणं, प्रॅक्टिकलमध्ये त्रुटींचा हिशेब आणि सी भाषेतले प्रोग्रॅम. प्रत्येकापुढे घटक आणि पुस्तक. सर्वांत वर मात्र उष्णतेचं समीकरण ठेवलं.

कारण ऑप्शनच्या किमतीचं 1973चं ब्लॅक-शोल्स समीकरण, चलं बदलून मांडलं की, तेच होतं. (फिशर ब्लॅक यांची पहिली पदवीही भौतिकशास्त्राचीच.) समजा, एक ऑप्शन आहे, म्हणजे शंभर रुपयांना शेअर घेण्याचा हक्क. मुदतीच्या दिवशी भाव शंभराखाली असेल तर हक्काची किंमत शून्य. वर असेल तर जितका वर तितकी. आलेखाला शंभरावर टोकदार कोपरा येतो. पण मुदतीला जितके दिवस बाकी, तितका तो कोपरा गोलावलेला. इथे घड्याळ उरलेल्या दिवसांचं असतं, एवढाच फरक. पॅरिसमध्ये लुई बाशेलिए यांनी 1900 साली शेअरबाजारावरच्या प्रबंधात भावांच्या हेलकाव्यांना हेच गणित लावलं होतं. तेच गणित असलेला आइनस्टाइन यांचा ब्राउनियन गतीवरचा लेख त्यानंतर पाच वर्षांनी आला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

टिपणाच्या शेवटी एक ओळ लिहिली: मेझर थिअरी (संभाव्यतेचा काटेकोर पाया) शिकलेली नाही, स्वतः वाचते आहे. मैत्रीण म्हणाली, खोड ती. मी नाही खोडली. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समधून संभाव्यतेची जाण येते, पण प्रमेयाची काटेकोर सिद्धता येत नाही, आणि जे आलेलं नाही ते आलं म्हणणं मला जमलं नसतं.

मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर आला. कुठवर वाचलंय ते सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाला सरांनी फळ्यावर तो कोपरा काढला आणि विचारलं, "हा गोल का होतो?"

मी चिमट्यापासून सुरुवात केली.