अंगणातली कण्हेर आणि दावणीची गाय



कण्हेर नाही असे गाव आपल्याकडे सापडणे कठीण. ओढ्याच्या काठाला, देवळाच्या मागे, शाळेच्या कुंपणाला, नाहीतर कुणाच्या तरी मोरीच्या पाण्यावर ती उभी असतेच. अलीकडे तर मोठ्या हमरस्त्यांच्या मधल्या पट्ट्यातही ती ओळीने लावलेली दिसते. संस्कृतात तिला करवीर म्हणतात. पांढरी, गुलाबी, तांबडी असे तिचे रंग, आणि फूल एकेरीही असते, दुहेरीही असते. आज तिच्याविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे. ती लावावी कशी हे तर सांगतेच, पण लावावी कुठे हे त्याहून महत्त्वाचे आहे.

आमचे गाव माण तालुक्यातले. पाऊस बेताचा, विहिरींना पाणी पौषापर्यंत. अशा मुलखात मोगरा जगवायचा तर घागरी मोजाव्या लागतात. कण्हेरीचे तसे नाही. भांडी घासलेले पाणी तिला पुरते. भर वैशाखात सगळे रान करपलेले असते तेव्हा ही फुलांनी लदबदलेली. आमच्या सासूबाई रोज पहाटे परडीभर पांढरी फुले काढून महादेवाला नेतात. घरात दुसरे फूल नसले तरी देव कधी बिनफुलाचा राहिला नाही.

लावायला ती अगदी सोपी. पावसाळ्याच्या तोंडाला, जून-जुलैत, पेन्सिलीएवढ्या जाडीची, जून झालेली फांदी घ्यावी. वीतभर लांबीचे तुकडे करावेत, खालची पाने काढून टाकावीत आणि दोन-तीन डोळे मातीत जातील असे खोचावेत. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून पिशवी भरली तर उत्तमच. महिन्याभरात मुळ्या धरतात. कुंपण करायचे असेल तर तीन-तीन फुटांवर रोपे लावावीत. पहिल्या वर्षी आठवड्याला एकदा पाणी द्यावे. पाणी साचणारी जागा तेवढी टाळावी. पुढे ती आपली आपण वाढते आणि पुरुषभर उंचीच्याही वर जाते. फूल नव्या फुटीच्या शेंड्याला येते, म्हणून बहर ओसरला की छाटणी करावी. बुडाशी फुटणारे फुटवे काढत राहिले की झाड डौलदार होते. शेंड्यांवर कधी पिवळा मावा पडतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन जातो, फार झाला तर निंबोळी अर्क फवारावा.

हे झाले गुण. आता दुसरी बाजू ऐका.

कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. तिच्यातले विष थेट काळजावर काम करते, ठोक्याची लय बिघडवते. दहा-वीस पाने पोटात गेली तर मोठे जनावरसुद्धा दगावू शकते, शेळी-मेंढीला तर त्याहून कमी पुरतात. तुम्ही म्हणाल, आमची गुरे तिला तोंडसुद्धा लावत नाहीत. खरे आहे. ओले पान कडू लागते, म्हणून धडधाकट, पोट भरलेले जनावर ते सहसा सोडून देते. म्हणूनच तर आपण तिचे कुंपण करतो. पण पान सुकले तरी विष जात नाही. आणि जनावर भुकेले असले, किंवा पान वैरणीत मिसळून गेले, तर निवड करायला त्याला वाव राहत नाही.

२०१८ चा पाऊस आम्हाला दगा देऊन गेला. २०१९ च्या उन्हाळ्यात माणदेशात चारा छावण्या उभ्या राहिल्या, हे तुम्हाला आठवत असेल. ज्यांची जनावरे घरीच होती ते हिरव्या काडीसाठी शिवार धुंडाळत होते. त्याच दिवसांत गावातल्या एका कुंपणाची छाटणी झाली आणि फांद्यांचा ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिला. कुंपण कुणाचे ते लिहिण्याचे कारण नाही. त्यात चिलार होती, सुबाभूळ होती आणि कण्हेरही होती. आमच्या चुलत दिरांकडे कामाला असलेल्या पोराला तो हिरवा पाला दिसला. जनावरांच्या तोंडी चार घास पडतील, एवढाच त्याचा विचार. सुबाभळीबरोबर सगळेच गोळा करून त्याने कडबाकुट्टीतून काढले आणि गव्हाणीत टाकले.

कुट्टी झालेल्या वैरणीतून गाय काय वेचणार? आठवा महिना लागलेली संकरित गाय होती. संध्याकाळी तिने रवंथ सोडला, तोंडातून लाळ गळू लागली, पातळ हगवण लागली. कान आणि पाय गार पडले. डॉक्टर येऊन तिचे ठोके ऐकतात तो ते कधी मंद, कधी मध्येच चुकलेले. उजाडायच्या आत गाय गेली आणि पोटातले वासरूही गेले. शवविच्छेदनात वैरणीत कण्हेरीच्या पानांचे जाड तुकडे निघाले. त्या वेताच्या दुधावर जाऊबाईंनी मुलीच्या कॉलेजची फी धरून ठेवली होती. दोन दिवस त्या घरात चूल पेटली नाही. ते पोर तर आठवडाभर कुणाशी बोलत नव्हते.

मग आळीत एकच बोलणे सुरू झाले : कण्हेर तोडा. आमच्या घरीही विषय निघाला, कारण आमचे झाड मोरीपाशी, गोठ्याच्या अंगाला होते. दीर कुऱ्हाड घेऊन आले. सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "तिनं चालत जाऊन गाय मारली का रं? तिला गव्हाणीत टाकली ती माणसानं." दीर म्हणाले, "काकी, झाड राहिलं तर पाला पडणारच, आणि पाला पडला तर कधी ना कधी वैरणीत जाणारच." दोघांचेही खरे होते. शेवटी ह्यांनी तोड काढली. पावसाळ्यापर्यंत झाडाभोवती काट्यांचा फास घातला. जूनमध्ये त्याच्या फांद्या देवळाच्या भिंतीच्या आत, जिथे जनावर जात नाही तिथे लावल्या. त्या जगल्या तेव्हा जुने झाड मुळासकट काढले. आता सासूबाईंना फुलांसाठी पन्नास पावले जास्त चालावे लागते, पण त्याबद्दल त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

आणि हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत माउंटन लॉरेल नावाचे सदाहरित झुडूप आहे. फुले इतकी देखणी की कनेक्टिकट राज्याने १९०७ साली आणि पेनसिल्व्हेनिया राज्याने १९३३ साली ते आपले राज्यफूल ठरवले, जसे आपले ताम्हण. त्याला आंबट, थंड माती लागते, त्यामुळे आपल्या चुनखडीच्या रानात ते यायचे नाही, पण तिकडचे लोक ते हौसेने बागेत लावतात. त्याचे पानही विषारी. त्याच्याच एका धाकट्या भावंडाला तिकडे 'कोकरूमार' अशा अर्थाचे नाव आहे. तिथे मेंढ्या ते खातात ते बहुतेक हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाला, रानात दुसरे काही हिरवे नसते तेव्हा. आपल्याकडे उन्हाळ्यात, त्यांच्याकडे थंडीत, पण कारण एकच, भूक.

म्हणून माझे सांगणे असे. कण्हेर जरूर लावा, पण गोठा, गव्हाण, पाण्याचा हौद आणि वैरणीची गंज यांपासून लांब लावा. हौदात तिची पाने-फुले पडू देऊ नका. छाटणी कराल त्याच दिवशी फांद्या गोळा करून खोल खड्ड्यात पुरा. रस्त्यावर, बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका, कारण तिथून त्या दुसऱ्याच्या गव्हाणीत जातात. चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, तिचा धूरही बाधतो. छाटणीनंतर हात साबणाने धुवा. तिच्या काडीने दात घासू नयेत, की कुणी सांगितले म्हणून तिचा काढा पिऊ नये. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीसुद्धा तशीच विषारी. तिच्या बियांनी मुले खेळतात, तेव्हा घरात लहान मूल असेल तर ती अंगणात नकोच. मुलाने चुकून तोंडात घातलीच तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

वैरण कापणाऱ्या प्रत्येकाला, मग तो घरचा असो की कामावरचा, कण्हेरीचे पान हातात देऊन ओळखायला शिकवा. लांब, निमुळते, चामड्यासारखे जाड आणि मधोमध ठळक शीर. बाहेरून आणलेला पाला कुट्टीत घालण्याआधी पसरून पाहा. जनावराने कण्हेर खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लगेच डॉक्टरांना बोलवा आणि काय खाल्ले ते आधी सांगा. जनावराला चालवू-पळवू नका, सावलीत शांत ठेवा. अशक्त जनावराच्या तोंडात तेल, ताक ओतू नका, ते फुप्फुसात जाते.

जूनला फांद्या लावाल तेव्हा आधी गोठ्यापासून पावले मोजा, आणि शेजारच्या गोठ्यापासूनही मोजा.