बहात्तर सुयांचा हिशेब

शिवाजी पेठेतील एका जुन्या घराची दुरुस्ती निघाली होती. माळ्यावरचे सामान खाली उतरत होते आणि भंगारवाला दारात उभा होता. हातमुठीचे एक जड, गंजलेले यंत्र पाहून थोरल्या सूनबाईंनी तेही देऊन टाकायचे ठरविले. सासूबाई सोप्यात बसल्या होत्या. वय ८४, अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात उचलत नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, “देतेस तर दे. पण सुया मोजून दे. बहात्तरांचा हिशेब आहे.”

व्यापाऱ्याच्या घरातून वस्तू मोजल्याशिवाय बाहेर जात नाही. सूनबाईंनी यंत्राची लाकडी पेटी उघडली. सुया भरल्या ६१. त्यांच्याखाली मेणकापडात गुंडाळलेली एक वही होती. शेवटच्या पानावर मोडलेल्या ११ सुया तारखांसह लिहिलेल्या होत्या. हिशेब जुळला.

आधीच्या पानांवर सासूबाईंचेच अक्षर होते. सूत किती आणले, शाळेच्या मोज्यांच्या जोड्या किती गेल्या, पैसे किती आले. आणि प्रत्येक महिन्याखाली एकच नोंद : ‘पेढीस दिले’. लक्ष्मीपुरीतील धान्याची पेढी एकेकाळी बुडता बुडता वाचली, ती सासऱ्यांच्या कर्तबगारीने, असे त्या घरात वर्षानुवर्षे सांगितले जात होते. ते खोटे नव्हते, अपुरे होते. भंगारवाला यंत्राविना परतला.

अशा यंत्रांचा वंश जुना आहे. मोजे विणण्याचा पहिला माग इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली बनविला. एकोणिसाव्या शतकात जिभेची सुई आली आणि घरच्या टेबलावर बसणारे गोल यंत्र शक्य झाले. पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलपाण्याने सैनिकांचे पाय सडत. तेव्हा अमेरिका व कॅनडातील स्त्रियांनी रेड क्रॉससाठी अशाच यंत्रांवर मोजे विणले.

यंत्राची रचना साधी आहे. लोखंडी नळकांड्याभोवती ७२ उभ्या खाचा, प्रत्येकीत एक सुई. मूठ फिरवली की सुया ओळीने लाटेसारख्या वर-खाली होतात. वर जाताना जुना टाका जिभेच्या खाली सरकतो. खाली येताना आकडा नवे सूत धरतो, जीभ मिटते आणि जुना टाका तिच्यावरून निसटतो. एवढ्याच हालचालीतून कापड विणले जाते.

ते पुन्हा चालते करण्यास मात्र दोन महिने लागले. खाचांतले तेल वाळून डिंकासारखे झाले होते. सगळे भाग रॉकेलमध्ये भिजत ठेवले, एकेक खाच दात घासण्याच्या जुन्या ब्रशने साफ केली आणि शिलाई यंत्राचे तेल दिले. मुठीचा झिजलेला आस उद्यमनगरातील एका कारागिराने लेथवर नवा करून दिला. कमी पडलेल्या सुया नमुना पाठवून बाहेरगावाहून मागविल्या.

शिकणे त्याहून कठीण होते. पहिल्या दिवशी टाके सुयांवर चढून बसले आणि सगळे विणकाम गळून खाली पडले. “वजन विसरलीस,” सासूबाई म्हणाल्या. विणलेले कापड सतत खाली ओढले जावे लागते. मूळ वजन हरवले होते; मग पेढीवरचे एक किलोचे वजन कापडी पिशवीत घालून आकड्याला टांगले. एखादी जीभ अडकली की सुनेच्या डोळ्यांआधी सासूबाईंच्या कानांना कळे. “थांब. आवाज बदलला,” असे त्या म्हणत आणि खरोखरच तेथे एक टाका सुटलेला असे.

सर्वांत अवघड टाच. तेथे निम्म्या सुया वर उचलून थांबवायच्या आणि उरलेल्या ३६ सुयांवर मूठ पुढे-मागे करायची. प्रत्येक फेरीस कडेची एक सुई थांबवायची. मधल्या १२ उरल्या की थांबविलेल्या एकेक करून पुन्हा कामास लावायच्या. सूनबाई वारंवार चुकत. एकदा त्यांनी विचारले, “आई, हे सारे तुम्ही कधी बोलला का नाहीत?”

सासूबाईंनी डाव्या हाताने सूत सरळ केले. “पेढी बुडत होती. तेव्हा सांगत बसायला वेळ नव्हता. नंतर कोणी विचारले नाही.”

सूनबाईंना उत्तर सुचले नाही. वहीचा विचार मनात घोळत असूनही पहिल्या दिवशी यंत्र भंगारात काढणारा हात त्यांचाच होता.

दिवाळीआधी पहिली जोडी पुरी झाली. एक टाच दुसरीपेक्षा किंचित मोठी होती. सासूबाईंनी ती जोडी मांडीवर घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “वहीत लिही.”

“विकायची कुठे आहे, आई?”

“नसेना. विणली आहे ना? मग लिही.”

त्या वर्षी वहीपूजनाला नव्या चोपड्यांशेजारी मेणकापडातली ती जुनी वहीही ठेवली गेली. ती मुलाने स्वतःच्या हाताने मांडली आणि तिला पहिले कुंकू लावले. सासूबाई काही बोलल्या नाहीत; पायांतील नवे मोजे तेवढे त्यांनी डाव्या हाताने नीट वर ओढून घेतले.