आग्रहाचा पेला

मराठी साहित्यातल्या मद्याविषयी वर्गात बोलायची वेळ आली की आम्ही बहुधा दोन पेल्यांच्या मध्ये उभे असतो. एक गडकऱ्यांचा. 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते 1919 साली, नाटककाराच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी. तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात सुधाकराचा पेला भरलेलाच आहे. दुसरा पेला माधव जूलियनांनी खय्यामकडून आणला. 'द्राक्षकन्या' हे त्याचे मराठी नावच इतके देखणे की तिच्यापासून कुणाला अपाय होईल असे वाटू नये. पहिल्या पेल्यात सर्वनाश, दुसऱ्यात तत्त्वज्ञान. पण चार मित्र ओट्यावर बसले आहेत, मध्ये तळलेल्या बोंबलांची थाळी आहे, स्टीलच्या पेल्यांत काहीतरी पांढुरके आहे आणि गप्पा चालल्या आहेत त्या विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमाच्या, असा साधा प्रसंग आमच्या वाचनात फारसा कुठे भेटला नाही. आयुष्यात मात्र तो दर मार्चमध्ये भेटत असे, आगाशीला.

आम्ही चौघे. एम.ए.ला एका बाकावर होतो, पुढे चार गावांतल्या चार महाविद्यालयांत मराठी शिकवू लागलो. येथे गावांच्या नावांनीच ओळख करून देतो: नाशिककर, सावंतवाडीकर, आगाशीकर आणि हे लिहिणारे आम्ही, मुंबईकर. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडण्याआधीचा मार्चमधला एक शनिवार ठरलेला असे. विरारला उतरायचे, पश्चिमेकडून अर्नाळ्याची बस धरायची, आगाशीला उतरायचे. आम्ही जाऊ लागलो तेव्हा गाव ठाणे जिल्ह्यात होते. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला. बसच्या खिडकीतून दिसणारे मात्र सावकाश बदलत गेले. केळीची एक वाडी गेली की पुढच्या वर्षी तिथे पाण्याची टाकी, त्याच्या पुढच्या वर्षी सात मजले. शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'साठी ज्या विहिरी आणि वाड्या वाचवण्याचा हट्ट धरला, त्यांतल्या काही अजून आहेत. आगाशीकराची वाडी त्यांतली एक. राजेळी केळी, एक विहीर, कुंपणाच्या कडेला पाच ताड.

नियम एकच होता: ज्याने त्याने आपापल्या मुलखातले आवडते पेय आणायचे आणि इतरांना चाखवायचे. नाशिककराचा रुबाब मोठा. गंगापूर धरणाच्या बाजूची पहिली वाईन 2000 साली बाजारात आली आणि त्याच सुमारास तो नोकरीला लागला, त्यामुळे त्या बाटल्यांवर आपला सहलेखक म्हणून हक्क आहे असे तो मानी. पेला फिरवून, हुंगून, 'यात पेरूचा वास येतो का बघा' असे म्हणे; आम्हांला तो कधीच आला नाही. सावंतवाडीकर उर्राक आणी. काजूच्या बोंडांच्या रसाची ही पहिल्या धारेची, फेणीपेक्षा सौम्य आणि फक्त उन्हाळ्यापुरतीच मिळणारी. त्यात लिम्का, मिठाची चिमूट आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. ती तो गोव्याची हद्द ओलांडून कशी आणत असे हे आम्ही विचारले नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या राज्यात राहणाऱ्यांनी एकमेकांना असे प्रश्न विचारू नयेत. येथे आजही पिणाऱ्याला कागदोपत्री परवाना लागतो. आम्ही स्वतः विरारच्या दुकानातून बिअर घेऊन जात असू. मुंबईकराला मुलूख नसतो, हा त्याचा पुरावा म्हणून ती दरवर्षी मुकाट्याने स्वीकारली जाई.

आगाशीकर काही आणत नसे. तो फक्त वर बघे. संध्याकाळी ताडावरून मडके उतरे.

ताडीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. ताडाची ती ताडी, माडाची माडी, शिंदीची शिंदी. भाषेनेच झाडाला पेयाचे नाव दिले आहे. इंग्रजीतला 'टॉडी' हा तिचाच प्रवास. फुलोऱ्याच्या दांड्याचे टोक रोज कोयत्याने पातळ छाटायचे, त्याखाली मडके बांधायचे, रात्रभर थेंब थेंब साचू द्यायचे. मडक्याला आतून चुना लावून पहाटे उन्हाआधी उतरवली तर ती नीरा: गोड, थंड, निरुपद्रवी. चुना नसेल तर हवेतले किण्व मडक्यातच कामाला लागते. सकाळी उतरवलेली सकाळी गोडसर, दुपारी चढती, संध्याकाळी आंबट आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ शिरका. नाशिककराची बाटली तळघरात वर्षानुवर्षे वाट पाहू शकते. ताडीला वाट पाहणे ठाऊक नाही. ती साठवता येत नाही, दूर नेता येत नाही, आणि म्हणून एकट्याने पिऊन संपवताही येत नाही. मडके उतरले की शेजाऱ्याला हाक मारावी लागते. आजचे आजच संपले पाहिजे, हा तिचा स्वभावच.

आगाशीकराचे आजोबा ताडावर चढणारे, जातीने आणि व्यवसायाने भंडारी. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडागणिक कर आणि परवाना आला, आणि या किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्याच्या दोऱ्या सरकारी कचेरीच्या हाती गेल्या. 1950 साली पूर्ण दारूबंदी आली तेव्हा त्याच माणसाला कायद्याने गुन्हेगार ठरवले. ताडी बंद झाली आणि त्या जागी हातभट्टी आली. नवसागर घातलेली हातभट्टी आणि ताडी यांत जो फरक आहे तो दारूबंदीच्या भाषणांत कुणाला करावासा वाटला नाही. आमच्या साहित्यालाही नाही. तिथे 'दारू' हा एकच शब्द. आगाशीकराच्या वडिलांनी झाड सोडले, शिक्षण धरले. आता ताडावर चढायला बाहेरून माणूस येतो, तोही वयाने पन्नाशीचा.

तर, आग्रह. मराठी घरात आग्रह हा पाहुणचाराचा कणा. पंगतीत पाहुण्याने हात आडवा धरावा आणि यजमानाने बोटांच्या फटीतून तूप वाढावे, याला आपण प्रेम म्हणतो. हाच आग्रह आम्ही त्या ओट्यावर नेला. सावंतवाडीकर विद्यार्थीदशेत नाटकात काम करीत असे. तळीरामाचे संवाद त्याला मुखोद्गत होते आणि आर्य मदिरा मंडळाची बैठक तो एकटा सगळ्या आवाजांत उभी करी. त्यामुळे आमच्या मैफलीलाही तेच नाव पडले. कुणी पेला खाली ठेवला की दुसरा म्हणे, 'एकच!' आणि सगळे हसत. मराठीच्या चार प्राध्यापकांना हा विनोद दहा-बारा वर्षे पुरला, यावरून आमच्या विनोदबुद्धीची कल्पना यावी. 'एकच' सर्वांत जास्त वेळा त्यालाच म्हटले गेले, कारण तो ऐकत असे. पेला पुढे आला की त्याचा हात आडवा होत नसे.

आमच्या वर्गात मुली मुलांपेक्षा जास्त होत्या. त्यांतल्या एकीलाही या बैठकीचे बोलावणे कधी गेले नाही. आगाशीकराची आई आत बोंबील तळत असे, सुकेळी कापून पाठवत असे, आणि बाहेर येऊन कधी बसली नाही. हे आम्हांला तेव्हा खटकले असते तर बरे झाले असते.

2015 च्या मार्चमध्ये सावंतवाडीकर आला नाही. परीक्षेचे काम म्हणाला. 2016 मध्ये फोनच उचलला नाही. पुढे पावसाळ्यात त्याच्या पत्नीचा फोन आला. पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तो दोन महिने होता, आता घरी आहे, बरा आहे. तिने कुणाला दोष दिला नाही. एवढेच विचारले, 'तुम्हांला कधी कळलं नाही का हो?' कळले होते. सकाळी चहाच्या आधी तो उरलेल्या ताडीचा तांब्या शोधी हे आम्ही पाहिले होते, आणि त्यालाही हसलो होतो.

त्या वर्षी पदवीच्या वर्गाला 'एकच प्याला' शिकवताना आम्ही अडखळलो. इतकी वर्षे आम्ही सुधाकराच्या अहंकाराविषयी बोलत आलो, सिंधूच्या सोशिकपणाविषयी, बालगंधर्वांनी केलेल्या सिंधूविषयी. सनद गेल्यावर अपमानाने जळणाऱ्या माणसासमोर पेला धरतो तो शत्रू नव्हे, सोबती, याकडे मात्र उत्तरपत्रिकेतला एक मुद्दा म्हणूनच पाहत होतो. तळीराम काही दुष्टपणाने देत नाही. त्याला खरोखरच वाटते की याने याला बरे वाटेल. महाभारतात शुक्राचार्य मद्यातून आपल्याच शिष्याची राख पिऊन बसतात आणि मग सुरेला शाप देतात. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाने ती कथा जपूनच वाचावी. पण तिथेही पेला देणाऱ्या असुरांना काय शिक्षा झाली, हे आम्हांला कधी कुणी विचारले नव्हते. एका विद्यार्थिनीने विचारले. 'सर, पाजणाऱ्याचं पुढे काय होतं?' तळीरामाचे नाटकात जे होते ते आम्ही सांगितले. तिचा प्रश्न तो नव्हता, हे तिलाही ठाऊक होते आणि आम्हांलाही.

2017 च्या मार्चमध्ये आगाशीकराने बैठक संध्याकाळची सकाळी आणली. बाटल्या कुणी आणायच्या नाहीत, आदल्या रात्री मुक्कामाला यायचे, पहाटे नीरा प्यायची. सावंतवाडीकर आला. वाळला होता, केस पांढरे झाले होते, हसणे तेच. रात्री आम्ही जपून जपून बोललो. जेवताना कुणी कुणाला भातसुद्धा आग्रहाने वाढला नाही.

उठायला उशीर झाला. ओट्यावर आलो तेव्हा ऊन केळीच्या पानांवर आले होते. आगाशीकराने तांब्यातून चार पेले भरले. नीरा गढूळ चांदीसारखी दिसत होती. सावंतवाडीकराने पेला हातात घेतला, नाकाजवळ नेला, नाशिककर वाईन हुंगतो तसा नव्हे, आणि विचारले,

'किती वाजता उतरवली?'

'आत्ताच रे. घे.' आगाशीकर म्हणाला.

त्याने पेला तसाच धरून ठेवला. दारातून आगाशीकराच्या आईचा आवाज आला.

'पाचाला आणून ठेवलीय. साडेसात झालेत. तो विचारतोय तर खरं सांग ना.'

आगाशीकराचा चेहरा उतरला. खोटे बोलण्यात त्याचा काहीच स्वार्थ नव्हता. आपल्या वाडीतले, आपल्या झाडाचे, आजोबांच्या हातचे असावे असे काहीतरी मित्राच्या पोटात जावे, एवढाच त्याचा लोभ होता. तो आमच्यापैकी कुणाचाही असता. मडक्याला चुना पुरेसा लावला असेल तर त्या पेल्यात अजून काहीच झाले नसेल; नसेल तर थोडेसे झाले असेल. त्या थोड्याशाचे माप आमच्यापाशी नव्हते. सावंतवाडीकराने पेला ओट्यावर ठेवला, सांडणार नाही अशा बेताने, भिंतीकडे सरकवला.

'काकी, चहा मिळेल?'

'ठेवलाय,' त्या म्हणाल्या.

गवती चहा घातलेला चहा आला. तो घेऊन त्या प्रथमच आमच्यात बसल्या, पायरीवर. आम्ही तिघांनी आपापले पेले संपवले. चव गोड होती, शेवटच्या घोटाला किंचित जिभेला चावणारी. किंवा आम्हांला तसे वाटले असेल. मग काकींनी सावंतवाडीकराला त्याच्या मुलीच्या परीक्षेविषयी विचारले आणि तो बराच वेळ बोलत राहिला.

दहाच्या सुमारास निघताना पाहिले तर भिंतीकडच्या पेल्यात बारीक फेस आला होता. काकींनी तो उचलून आत नेला आणि दुसऱ्या दिवशीच्या सान्नांसाठी वाटलेल्या तांदळात ओतला.